घर सांभाळून लांब पल्ला : दमसास आणि वेळेच्या गणिताचा एक धडा



आपल्या वार्तापत्रात शारीरिक शिक्षण विभागाचा लेख म्हटला की त्यात स्पर्धांचे निकाल, ढाली आणि छायाचित्रे असणार, हे तुम्हाला ठाऊक आहे. या वेळी तसे नाही. या वेळी आम्ही एका वहीपासून सुरुवात करणार आहोत.

काही वर्षांपूर्वी आम्ही शिक्षकांनी पालकांसाठी रविवारचा धावण्याचा गट सुरू केला. बडोद्यात हिवाळ्यात मोठी मॅरेथॉन होऊ लागली तसे पुष्कळ पालक आम्हाला विचारू लागले, ‘सर, आम्हालाही शिकवा ना.’ आम्हाला आनंद झाला. एका पुस्तकातला सोळा आठवड्यांचा आराखडा आम्ही काढला, त्याच्या प्रती केल्या आणि सर्वांना वाटल्या. आठवड्यातून पाच दिवस धाव, रविवारी पहाटे साडेचारला जमणे, तीन तास रस्त्यावर. वजने उतरली, चेहरे उजळले, आम्ही खूश होतो.

मग सहावीच्या वर्गात ‘माझा रविवार’ हा निबंध दिला गेला. मराठीच्या बाईंनी त्यातली एक वही आम्हाला दाखवायला आणली. मुलाने लिहिले होते की रविवारी बाबा अंधारात धावायला जातात, आल्यावर जेवून दुपारभर झोपतात, आई कोणाशी बोलत नाही, आणि आम्ही पूर्वी कामाटी बागेत जायचो तसे आता जात नाही. शेवटी एक ओळ होती : ‘मॅरेथॉन झाली की बाबा परत येतील.’

बाबा तर घरातच होते. पण त्या मुलाचे काही चुकले नव्हते. चूक आमची होती. ज्या माणसाला धावण्यावाचून दुसरे काम नाही, त्याच्यासाठी लिहिलेला आराखडा आम्ही नोकरी, संसार, म्हातारे आईवडील आणि शाळेत जाणारी मुले असलेल्या माणसांच्या हातात दिला होता. त्या दिवसापासून आम्ही जे पुन्हा शिकलो, तेच या धड्यात मांडत आहोत.

१. दमसास म्हणजे काय?

आधी शास्त्र पाहू. जिना चढताना एकाला धाप लागते आणि दुसरा गप्पा मारत चढतो. या फरकाला आपण दमसास म्हणतो. तो नुसत्या फुप्फुसांत नसतो. हृदय, रक्तवाहिन्या आणि स्नायू या तिघांचा तो एकत्रित गुण आहे.

विश्रांतीच्या वेळी प्रौढ माणसाचे हृदय मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त फिरवते. ज्याची नाडी मिनिटाला ७५ आहे, त्याचे हृदय एका ठोक्यात सुमारे ६७ मिलिलिटर रक्त ढकलते. नियमित धावणाऱ्याची नाडी ६० वर आली, तर तेवढेच काम करायला एका ठोक्यात सुमारे ८३ मिलिलिटर पुरते. म्हणजे ठोके कमी, पण प्रत्येक ठोका भरदार. (भागाकार स्वतः करून पाहा.) त्याच वेळी स्नायूंमध्ये केसांपेक्षा बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे दाट होते, आणि पेशींतील तंतुकणिका, म्हणजे ऊर्जा तयार करणारी सूक्ष्म केंद्रे, वाढतात. नववी-दहावीच्या मुलांना हा शब्द ओळखीचा असेल.

हे सगळे बदल घडायला आठवडे आणि महिने लागतात. शिवाय ते धावताना घडत नाहीत. धावणे हे शरीराला दिलेले मागणीपत्र आहे, माल तयार होतो तो विश्रांतीत आणि झोपेत. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे त्याचे काम आहे.

आता आणखी एक हिशेब. शरीरात स्नायू आणि यकृत मिळून साधारण ४०० ते ५०० ग्रॅम साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवलेली असते. तिच्यापासून सुमारे १६०० ते २००० किलोकॅलरी मिळतात. धावताना दर किलोमीटरला, दर किलो वजनामागे, साधारण एक किलोकॅलरी खर्च होते. ६५ किलो वजनाच्या माणसाचा खर्च किलोमीटरला ६५. मग २००० भागिले ६५ म्हणजे जवळजवळ ३० किलोमीटर. मॅरेथॉन धावणारे पुष्कळ लोक तिसाव्या किलोमीटरच्या आसपास एकदम का कोलमडतात, ते या भागाकारातून कळते. प्रत्यक्षात काही ऊर्जा चरबीतून येते आणि हाती-खांद्यातली साखर पायांना मिळत नाही, त्यामुळे हा हिशेब ढोबळच आहे. पण दिशा बरोबर आहे. सावकाश आणि लांब धावण्याच्या सरावाने शरीर चरबी जास्त वापरायला शिकते आणि साखर पुरवून वापरते. लांब पल्ल्याच्या धावकाला आठवड्यातून एकदा लांब धावायला सांगतात ते यासाठीच.

२. पल्ला किती असावा?

मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटर. १८९६ साली अथेन्सच्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिकमध्ये ही शर्यत साधारण ४० किलोमीटरची होती. ४२.१९५ हा आकडा १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आला आणि १९२१ मध्ये तो कायम ठरला. म्हणजे या आकड्यात पवित्र असे काही नाही. तो माणसांनी ठरवला आहे. मग आपला पल्ला आपण का ठरवू नये?

मिनिटाला किती धावता येईल याचा विचार करू. नवशिक्या पालकाला किलोमीटरला ७ मिनिटे लागतात असे धरा. १० किलोमीटरला ७० मिनिटे. अर्ध्या मॅरेथॉनला, म्हणजे सुमारे २१.१ किलोमीटरला, २ तास २८ मिनिटे. पूर्ण मॅरेथॉनमध्ये वेग थोडा उतरून किलोमीटरला साडेसात मिनिटे झाली, तर ५ तास १६ मिनिटे. आमच्या गटाचा अनुभव असा की १० किलोमीटरच्या तयारीला आठवड्याला अडीच-तीन तास पुरतात, अर्ध्या मॅरेथॉनला चार-पाच तास, आणि पूर्ण मॅरेथॉनला आठ तासांपर्यंत द्यावे लागतात.

आरोग्यासाठी किती लागते, हे वेगळे पाहावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा, किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस श्रमाचा व्यायाम करावा. म्हणजे १० किलोमीटरची तयारी करणारा ही वेळेची अट पुरी करतो. त्यापुढचा पल्ला ही हौस आहे. हौस वाईट नाही. पण ती हौस आहे हे मान्य करून घरच्यांकडे वेळ मागावा. ‘तब्येतीसाठी करतो’ असे सांगून मागू नये.

३. आठवड्याचे १६८ तास

मुलांनो, आता पाटी घ्या. आठवड्यात २४ गुणिले ७, म्हणजे १६८ तास असतात. राजाला आणि रंकाला तेवढेच.

रोज ८ तास झोप : ५६. उरले ११२. सहा दिवस नोकरी, येण्याजाण्यासह रोज १० तास : ६०. उरले ५२. अंघोळ, जेवण, तयारी रोज २ तास : १४. उरले ३८.

या ३८ तासांत बाजारहाट, मुलांचा अभ्यास, आजी-आजोबांचे औषधपाणी, बँक, लग्नकार्ये, पाहुणे आणि थोडे निवांत बसणे हे सगळे बसवायचे असते. आता मॅरेथॉनचे ८ तास यातून काढा. पण ते ८ तास नुसते धावण्याचे. पाच वेळा धावायचे तर बूट घालणे, ठरल्या जागी पोहोचणे, घाम निपटणे यात प्रत्येकी अर्धा तास जातो : अडीच तास. रविवारी लांब धावून आल्यावर दुपारी दोन तास झोप. बेरीज साडेबारा तास. ३८ पैकी साडेबारा, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश.

आमच्या आराखड्यात फक्त ८ तास लिहिलेले होते. उरलेले साडेचार तास कोणी दिले? त्या मुलाच्या वहीत उत्तर होते.

आता हेच गणित नोकरी करणाऱ्या आईचे मांडा. ५२ तासांपर्यंत सगळे सारखे. तयारीचे १४ गेले, ३८ उरले. त्यातून रोज स्वयंपाक आणि डबे यांचे ३ तास वजा करा : २१. उरले १७. या १७ तासांतून ८ तास काढणे म्हणजे निम्मे आयुष्य काढणे. आमच्या पहिल्या गटात बावीस पुरुष आणि दोन स्त्रिया होत्या. बायकांना हौस नाही, असे आमच्यातले काही जण म्हणत. गणित मांडल्यावर आम्ही ते म्हणणे सोडून दिले. प्रश्न इच्छाशक्तीचा नव्हता, वाटणीचा होता. बाबा पहाटे धावू शकतात कारण त्या वेळी गॅसपाशी दुसरे कोणी उभे असते.

इतिहासातला एक दाखला देतो. नेदरलँड्सची फॅनी ब्लँकर्स-कुन १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला गेली तेव्हा ती तीस वर्षांची आणि दोन मुलांची आई होती. तिने घरी मुले सांभाळावीत, अशी पत्रे लोकांनी तिला लिहिली. तिने चार सुवर्णपदके जिंकली. तिच्या शर्यती कमी पल्ल्याच्या होत्या, पण आपला मुद्दा पल्ल्याचा नाही. तीन मुलांच्या बापाला अशी पत्रे कोणी लिहिल्याचे आमच्या वाचनात नाही.

४. कमी वेळात दमसास कसा वाढेल?

सुदैवाने शरीराला आराखड्यातली प्रत्येक धाव लागत नाही. आठवड्यातून तीन धावा नीट केल्या तर १० किलोमीटर, आणि सवय झाल्यावर अर्धी मॅरेथॉनही आवाक्यात येते. आमचा आताचा आठवडा असा :

मंगळवार, सावकाश धाव, ४० मिनिटे. कसोटी बोलण्याची. धावता धावता पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. बोलता येत नसेल तर वेग कमी करा, लाज वाटू देऊ नका. नवशिके बहुतेक इथेच चुकतात. रोज मध्यम धाप लागेल इतके धावतात, त्यामुळे ना नीट विश्रांती मिळते ना नीट वेग.

गुरुवार, वेगाची धाव, ४५ मिनिटे. पहिली १० मिनिटे सावकाश. मग ३ मिनिटे जोरात आणि २ मिनिटे हळू, असे पाच वेळा. ती झाली २५ मिनिटे. शेवटची १० मिनिटे पुन्हा सावकाश. जोरात म्हणजे दोन-तीन शब्दांपेक्षा जास्त बोलता येऊ नये इतपत. चेकोस्लोव्हाकियाचा एमिल झाटोपेक याने अशा आलटून-पालटून सरावावर फार भर दिला. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्याने ५ हजार मीटर, १० हजार मीटर आणि मॅरेथॉन या तिन्ही शर्यती जिंकल्या. ती त्याच्या आयुष्यातली पहिलीच मॅरेथॉन होती. घरचे कपडे न्हाणीच्या टबात टाकून तो त्यांवर जागच्या जागी धावत असे, असेही सांगतात. धुणेही झाले आणि सरावही!

रविवार, लांब धाव, सुरुवातीला ६० ते ७५ मिनिटे. दर आठवड्याला थोडी वाढ, तीन आठवडे वाढवले की चौथ्यात कमी. किती वाढवावे याचा एकच आकडा सर्वांना लागू पडत नाही. सोमवारी सकाळी जिना उतरताना पाय कुरकुरत असतील तर वाढ जास्त झाली असे समजावे.

बेरीज करा : ४० अधिक ४५ अधिक ७५, म्हणजे १६० मिनिटे. तीन तासांच्या आत.

उरलेला सराव दिवसाच्या कामात विरघळवावा. मुलाला सायकलवर किंवा चालत शाळेत सोडून परत जाताना धावत जाणे, हा आमच्या गटातल्या एका आईचा उपाय. तिला वेगळा वेळ काढावाच लागत नाही. जमत असेल तर कचेरीला सायकलने जावे. लिफ्ट सोडून जिना धरावा. आठवड्यातून दोनदा घरीच दहा मिनिटे बैठका आणि जोर काढावेत, पाय आणि कंबर बळकट राहिली की दुखापती कमी होतात. बैठका-जोर बडोदेकरांना शिकवायला नकोत. जुम्मादादा व्यायाममंदिर आणि राजरत्न प्रा. माणिकराव यांचे हे गाव. दहा खंडांचा मराठी ‘व्यायाम ज्ञानकोश’ ज्यांनी संपादित केला ते द. चिं. मुजुमदार याच गावचे. शरीर कमावण्याची आपली परंपरा घराला लागून असलेल्या आखाड्याची होती, घर सोडून जाण्याची नव्हती.

५. झोप चोरू नये

वेळ कमी पडला की पहिली चोरी झोपेतून होते. रात्री अकराला जेवण आटोपून पहाटे साडेचारला उठणारे पालक आम्ही पाहिले आहेत. साडेपाच तास! माल झोपेत तयार होतो, असे आपण वर म्हटले होते. मागणीपत्र वाढवायचे आणि कारखाना बंद ठेवायचा, तर हाती काय येणार? सर्दी-पडसे, चिडचिड आणि गुडघेदुखी.

प्रौढांना किमान सात तास झोप हवी, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास. पहाटेची धाव आदल्या रात्रीच सुरू होते. धावायच्या आदल्या दिवशी जेवण आठला, दिवे दहाच्या आत बंद. ते जमले नाही तर सकाळची धाव रद्द. गटात आता नियमच आहे : सहा तासांहून कमी झोप झाली असेल तर येऊ नये, आलात तर परत पाठवू. आमच्या या नियमामुळे घरातली मुलेही लवकर झोपू लागली, असे दोन-तीन आयांनी सांगितले.

६. बडोद्याचे वर्ष पाहून आराखडा करावा

परक्या देशातल्या पुस्तकातला आराखडा आपल्या पंचांगाला जुळत नाही. आपले वर्ष असे आहे.

एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर जातो. या दिवसांत पल्ला वाढवू नये. उन्हाची सवय व्हायला शरीराला दहा ते चौदा दिवस लागतात, तोवर निम्मेच धावावे, तेही सूर्योदयापूर्वी. तहान लागेल तसे पाणी प्यावे. मात्र लांब धावेत नुसते पाणी सपाटून पिणेही घातक असते, रक्तातले मिठाचे प्रमाण उतरते. लिंबू-मीठ-साखरेचे सरबत बरे. डोके दुखू लागले, अंगावर काटा आला, बोलणे असंबद्ध झाले, तर तो उष्माघात असू शकतो. तिथेच थांबून सावली, गार पाणी आणि डॉक्टर.

पावसाळ्यात हवा दमट असली तरी पाया घालायला हे महिने चांगले. पाणी साचलेल्या रस्त्यावर मात्र धावू नये. उघडी गटारे दिसत नाहीत, आणि विश्वामित्रीला पूर आला की मगरी रस्त्यावर येतात हे तुम्हाला सांगायला नको.

मग गणपती, त्यापाठोपाठ नवरात्र. नऊ रात्री तीन-तीन तास गरबा खेळणाऱ्याने दिवसा पुन्हा धावायला जाणे हा शहाणपणा नव्हे. गरबा हाच सराव समजावा आणि वहीत तसा लिहावा. हिवाळ्यातल्या शर्यतीपासून सोळा आठवडे मागे मोजले की आपण नेमके नवरात्र-दिवाळीत येऊन पडतो. म्हणून आम्ही आता पावसाळ्यात पाया घालतो, सणांत नुसता टिकवतो आणि दिवाळीनंतर दहा-अकरा आठवडे खरी तयारी करतो.

उत्तरायणाच्या, म्हणजे १४ आणि १५ जानेवारीच्या आसपास, रस्त्यावर आडवा आलेला मांजा दिसत नाही. त्या आठवड्यात सायकल घराबाहेर काढू नये आणि धाव शाळेच्या मैदानावर करावी. आणि घरात दहावी-बारावीचे मूल असेल तर फेब्रुवारी-मार्च हे महिने त्याचे आहेत. पहाटे घरात खुडबुड करून त्याची झोप मोडू नये.

७. मुलांचा वाटा

मुले म्हणजे लहान आकाराची मोठी माणसे नव्हेत. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटे हालचाल हवी, पण ती खेळातून यावी. लगोरी, खोखो, लंगडी, पकडापकडी यांत थोडे जोरात, थोडे विश्रांती असे आपोआप होते. वाढत्या हाडांच्या टोकांशी अजून कूर्चा असते, रोजच्या लांब धावेचा मार तिला सोसत नाही. पालकांनी आपली हौस मुलांच्या पायांनी भागवू नये, ही कळकळीची विनंती.

पण मुलांना बाहेरही ठेवू नये. सावकाश धावणाऱ्या आईबरोबर मूल सायकलवर येऊ शकते. मैदानावर वेगाची धाव असेल तेव्हा घड्याळ मुलाच्या हातात द्यावे. ‘तीन मिनिटे झाली, आता हळू!’ असे बाबांना ओरडून सांगण्यात जो आनंद आहे, तो कुठल्याही खेळण्यात नाही. आजी-आजोबांनी त्याच वेळी मैदानाला चार फेऱ्या माराव्यात.

८. आम्ही काय बदलले

ती वही वाचल्यानंतर आम्ही घरच्या सर्वांना बोलावून सभा घेतली. नुसत्या धावणाऱ्यांना नव्हे. सभेत थोडे कडू बोलणे झाले. ते आम्ही ऐकून घेतले. त्यातून चार गोष्टी ठरल्या.

एक, रविवारची धाव सहाला सुरू आणि सव्वासातला बंद. पावणेआठला प्रत्येक जण घरी, शक्यतो फाफडा-जलेबीचे पुडके घेऊन. दुपारची झोप बंद. झोप आवरत नसेल तर धाव जास्त झाली.

दोन, घरात दोघेही धावणारे असतील तर दिवस वाटून घ्यावेत. ज्याचा धावण्याचा दिवस नाही, त्याचा डब्यांचा दिवस. स्वयंपाक येत नाही ही सबब चालणार नाही, पोहे शिकवायला आम्ही तयार आहोत.

तीन, एका घरातून एका हंगामात एकाच व्यक्तीने मोठा पल्ला धरावा. पुढच्या हंगामात दुसऱ्याची पाळी.

चार, रविवारी शाळेचे मैदान मुलांसाठीही उघडे. आमच्यापैकी दोघे शिक्षक खेळ घेतात. यासाठी विश्वस्त मंडळाने पहाटे फाटक उघडण्याची परवानगी दिली, त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. विश्वस्तांना आणखी एकच विनंती : मैदानालगतचे स्त्रियांचे स्वच्छतागृहही त्या वेळी उघडे राहावे आणि तिथला दिवा दुरुस्त व्हावा. लहान गोष्ट आहे, पण तिच्यामुळे किती आया येतात आणि किती येत नाहीत हे ठरते.

या बदलाने सगळे सुरळीत झाले असे सांगणे खरे होणार नाही. पूर्ण मॅरेथॉनचा ध्यास असलेले सहा-सात जण गट सोडून गेले. काही आयांना अजूनही वेळ मिळत नाही, आणि त्यांच्या घरी जाऊन वाटणी करून देणे आमच्या हातात नाही. पण बावीस आणि दोन अशी जी संख्या होती ती आता सतरा आणि अकरा आहे.

त्या वहीतल्या बाबांनी त्या वर्षी मॅरेथॉनचे नाव मागे घेतले आणि १० किलोमीटर धावले. पुढच्या वर्षी आईने १० किलोमीटर धरले आणि बाबा पोहे शिकले. आता आठवीत असलेला तो मुलगा गुरुवारी आमच्याकडून घड्याळ मागून नेतो.

एक सूचना : चाळिशी ओलांडलेल्यांनी, तसेच मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय धावायला सुरुवात करू नये. धावताना छातीत दडपण, डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ, किंवा चक्कर आली तर ताबडतोब थांबावे. ‘एवढी फेरी पुरी करतो’ असे म्हणू नये.

स्वाध्याय

१. सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी आपली नाडी एक मिनिट मोजा. आठवडाभर रोज नोंद करून सरासरी काढा. घरातल्या मोठ्यांचीही मोजा.

२. तुमचे वजन, आणि किलोमीटरला दर किलोमागे एक किलोकॅलरी हा खर्च धरून, शाळेपासून तुमच्या घरापर्यंत धावायला किती किलोकॅलरी लागतील ते काढा.

३. एका कागदावर घरातल्या प्रत्येकाचे १६८ तास मांडा. कोणाकडे सर्वांत कमी तास उरतात? त्या व्यक्तीला आठवड्यातून तीन तास मिळवून द्यायचे असतील, तर कोणते काम कोण घेईल? उत्तर घरी सर्वांनी मिळून लिहावे आणि त्यावर सर्वांच्या सह्या असाव्यात.

तिसऱ्या प्रश्नाला गुण नाहीत. पण उत्तरे आम्ही वाचणार आहोत, आणि आमच्या आराखड्यात अजून काही चुकले असेल तर ते तिथेच सापडेल अशी आमची खात्री आहे.

आपले,
शारीरिक शिक्षण विभागातील शिक्षक